तुम्ही विचारलंत म्हणून : ‘हाताने’ म्हणजे नेमके काय?

“पियानोच्या खर्जाच्या तारा यंत्रावर होत असताना तुम्ही त्या अजून हाताने का गुंडाळता?” या प्रश्नाला माझे एक ठरलेले उत्तर आहे, आणि ते पुरते खरे नाही. खर्जाच्या तारेचा पोलादी गाभा, म्हणजे जिच्यावर तांबे गुंडाळायचे ती आतली तार, लेथसारख्या यंत्रावर दोन्ही टोकांनी एकाच वेगाने फिरतो. मी फक्त तांब्याची तार बोटांत धरून, तिचा ताण आणि कोन सांभाळत पुढे सरकते. जुन्या पियानोतल्या झिजलेल्या तारा मायक्रोमीटरने मोजून, त्यांच्या गाभ्याची जाडी आणि एकूण जाडी ठरवून एकेक तार करायची, तर मोठ्या कारखान्याला ती यंत्रजुळणी परवडत नाही. उत्तराचा एवढा भाग मी आजही मागे घेणार नाही. पण त्यापुढे मी म्हणत असे, “बोटांना जे कळते ते यंत्राला कळत नाही.” त्या वाक्याचे काय झाले, ते सांगते.

एका जुन्या उभ्या पियानोसाठी मी खर्जाचा पूर्ण संच केला होता. काही आठवड्यांनी मालकांचा निरोप आला, की एक खालचा, एकेरी तारेचा स्वर झणझणतो. पहिल्या खेपेला मी सैल स्क्रू शोधले, आणि एक सापडल्याचा मला आनंदही झाला. दुसऱ्या खेपेला घोडीला, म्हणजे तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिला, बारीक चीर असल्याचे सांगितले. चीर होती, पण त्या स्वराच्या जागी नव्हती. मग मी तारा बसवून सुरात लावणाऱ्या ट्यूनरला विचारले, की तारेच्या टोकाचा फास खुंटीला अडकवण्यापूर्वी त्यांनी तारेला गुंडाळणीच्या दिशेने, ती घट्ट राहावी म्हणून, एक पीळ दिला होता का. त्यांनी शांतपणे “दिला होता” म्हटले, आणि तरी मी त्यांच्याकडे संशयाने पाहिले, हे लिहिताना अजून संकोच वाटतो. तिसऱ्या खेपेला तार काढून चिमटीत धरली, तर टोकाजवळचे तांबे गाभ्यावर चक्क फिरले.

गाभा गोल होता. गोल गाभ्याची टोके ठोकून चपटी करावी लागतात, म्हणजे तांब्याची पकड तिथे सुटत नाही. माझे चपटेपण उथळ राहिले होते. ताण चढला की गाभा किंचित लांबतो आणि बारीक होतो, त्यामुळे आधीच सैल असलेले वेटोळे आणखी सैल पडते. पण खरी बोच वेगळी आहे. ती तार गुंडाळताना शेवटचे काही वळसे बोटांखाली निसटल्यासारखे मला जाणवले होते. ताण दिल्यावर बसतील, असे मी स्वतःला सांगितले आणि तार बाजूला ठेवली. बोटांना कळले होते. मीच ऐकले नाही. यंत्राला कळले नसते हे खरे, पण त्याने स्वतःची समजूतही घातली नसती.

षट्कोनी गाभ्याचे कोपरे तांब्याला धरून ठेवतात, मग गोल गाभ्याचा हट्ट कशाला, असे आता तुम्ही विचाराल. पूर्वी मी म्हणत असे, की गोल गाभ्याचा नाद अधिक मऊ असतो. आज तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही. दोन्ही प्रकारच्या तारा एकाच पियानोवर लावून पाहण्याची संधी मला क्वचितच मिळाली आहे, आणि जेव्हा मिळाली तेव्हा मला जे ऐकू यावेसे वाटत होते तेच ऐकू आले असण्याची शक्यता मी नाकारू शकत नाही. सध्या हातात असलेल्या संचाला मूळच्या तारांप्रमाणे गोल गाभाच हवा आहे. टोके मी दोनदा ठोकते, आणि शेवटचे वळसे घालताना कोणाशी बोलत नाही.