गोल डबी सपाट करताना

रंगवलेल्या लाकडी डबीवरची वेलबुट्टी मला सलग पट्टीसारखी कागदावर छापून हवी होती. डबी सरळ नळकांड्यासारखी, व्यास 8 सेंटिमीटर, म्हणजे घेर 25.1. एका संध्याकाळचं काम वाटलं होतं. चार गेल्या.

पहिली फोटो जोडणाऱ्या प्रोग्रामने खाल्ली. डबीच्या कडेकडे जाईल तसं फूल चेपत जातं, 60 अंशांवर तर निम्मंच उरतं. त्यात वेलीवर तेच तेच फूल. पठ्ठ्याने तिसरं फूल सातव्यावर चिकटवलं आणि काम यशस्वी झाल्याचं कळवलं.

मग पट्ट्यांची पद्धत धरली. फिरत्या पाटावर डबी ठेवायची, 10-10 अंशांनी फिरवत 36 फोटो काढायचे, प्रत्येकातली फक्त मधली उभी पट्टी कापायची आणि ओळीने जोडायच्या. फोटो अर्ध्या तासात झाले.

रुंदीने मात्र घाम काढला. फोटोत डबी 1600 पिक्सेल रुंद. गुणिले पाय, 5027. भागिले 36, साधारण 140 पिक्सेलची पट्टी. चोख हिशेब! जोडून बघते तर प्रत्येक सांध्यावर वेल तुटलेली, पाकळीची कड गायब. वाटलं, पाट हलला असेल. पुन्हा 36 फोटो. तेच. डबी मध्यावर नसेल म्हणून कंपासने वर्तुळ आखून त्यात बसवली, पुन्हा 36. तरी तेच. 108 फोटो आणि एक धड वेल नाही.

शेवटी चिडून डबीभोवती कागदी मोजपट्टी गुंडाळली आणि एक फोटो काढला. समोरचा एक सेंटिमीटर भरला 229 पिक्सेल. माझ्या हिशेबात तो 200 होता! फोन डबीच्या मध्यापासून 30 सेंटिमीटरवर होता, पण डबीचं पोट त्याच्यापासून 26 वरच. जवळचं मोठं दिसतं, एवढीच गोष्ट. मी मोजत होते या कडेपासून त्या कडेपर्यंत आणि कापत होते पोटावरचं. पट्टी हवी होती 160 ची. दर सांध्याला जवळजवळ एक मिलिमीटर वेल मीच कापून टाकत होते. शेवटचेच 36 फोटो घेतले, आकडा बदलला, वेल जुळली. आनंदापेक्षा राग जास्त आला.

तेव्हा मोजपट्टी आधी गुंडाळा. फोन दीड मीटर लांब नेऊन झूम केलात तर हीच चूक चारेक पिक्सेलवर येते. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, हे खरं तर वरच सांगायला हवं होतं. चकाकीला घाबरू नका. डबी फिरते, दिवा नाही, त्यामुळे चमक सगळ्या फोटोंत एकाच जागी येते. दिवा बाजूला सरकवून ती मधल्या पट्टीबाहेर घालवली की झालं.

जस्टिन कर यांनी माया संस्कृतीच्या चित्रित भांड्यांचे उलगडलेले फोटो फिल्मवर काढले. तिथे भांडं फिरतं आणि फटीमागून फिल्म सरकते, दोघांचा वेग जुळला तरच चित्र नीट येतं. माझी 140 ची पट्टी म्हणजे चुकलेला वेगच.

वर निमुळत्या होणाऱ्या डबीला हे चालणार नाही, ती उलगडली की पंख्यासारखी वाकते. माझ्या डबीचं झाकण तर घुमटाकार आहे. असा पृष्ठभाग न ताणता सपाट होतच नाही, हे गणितज्ञ गाउसने 1827 मध्येच सिद्ध केलंय. झाकणाचा मी वरून एक साधा फोटो काढला आणि पाट उचलून ठेवला.