आदल्या रात्री भिजत घातलेली मटकी

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावासाठी, मला परळ भागातली एक मराठी माध्यमाची शाळा मिळाली. राहायला मी मुलुंडला, दोघी मैत्रिणींबरोबर एका खोलीत. शाळा सकाळची, प्रार्थना ७.१० ची. म्हणजे सहाच्या आत स्लो लोकल पकडायची, उभ्यानेच पाठटाचणावरून, म्हणजे त्या दिवशीच्या पाठाच्या लेखी आराखड्यावरून, नजर फिरवायची आणि परळला उतरल्यावर जिन्याच्या गर्दीतून वाट काढत शाळा गाठायची. एनसीटीई या शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि त्यातले २० आठवडे शाळेतल्या अनुभवासाठी ठेवले. त्या आठवड्यांनी मला काय शिकवलं ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की वर्गातलं आणि स्वयंपाकाच्या ओट्यावरचं वेगळं काढून मला सांगताच येत नाही.

माझा तिथला पहिला मोठा पाठ सहावीच्या सामान्य विज्ञानाचा होता, 'पोषण आणि आहार'. मी २२ स्लाइड्सचं पीपीटी केलं. दोन रात्री त्यातच गेल्या. रंगीत चित्रं, अ‍ॅनिमेशन, प्रत्येक जीवनसत्त्वाला वेगळा रंग. वर्गात प्रोजेक्टर सुरू झाला आणि पडद्यावर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं उमटली. ज्या लॅपटॉपवर टाइप केलं होतं त्यात जुना, यूनिकोड नसलेला फॉन्ट होता आणि शाळेच्या संगणकावर तो नव्हता. तासिका ३५ मिनिटांची. त्यातली अकरा मिनिटं मी केबल आणि सेटिंग यांच्यात घालवली. मुलं आधी शांत होती, मग मागच्या बाकावर पेन्सिलींची लढाई सुरू झाली. मार्गदर्शक मॅडम शेवटच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसल्या होत्या. प्रस्तावना झाली, हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते सांगणं, कसंबसं झालं, मूल्यमापनापर्यंत मी पोहोचलेच नाही.

पाठ संपल्यावर मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ही बावीस चित्रं पुस्तकात नव्हती का?" होती. बहुतेक सगळी होती.

त्याच आठवड्यात मला परळच्या पुलावर चक्कर आली. सकाळी पोटात फक्त चहा-बिस्कीट, मधल्या सुट्टीत वडापाव, दुपारी कॉलेजच्या कँटीनमध्ये जे मिळेल ते आणि रात्री दमून नूडल्स, असं माझं दोन महिने चाललं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.४ निघालं, बाईमाणसाला ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जेवणानंतर लगेच चहा घ्यायचा नाही असंही बजावलं, कारण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. हे मला माहीत होतं. परवाच्या बावीस स्लाइड्समधल्या एका स्लाइडवर मीच ते लिहिलं होतं आणि सहावीच्या मुलांना मी तेच शिकवायला निघाले होते. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मला खूप वाईट वाटलं.

लांज्याला आजीला फोन केला. ती म्हणाली, "अगो, तुला रांधायला वेळ नाही, ठीक. भिजत घालायला काय वेळ लागतो?" आमची खोली म्हणजे एक इंडक्शन, एक छोटा कुकर, एक तवा आणि दोन पातेली. त्यावर काय काय होऊ शकतं ते आजीने फोनवरच ठरवून दिलं. रात्री वाटीभर मटकी भिजत घालायची. सकाळी निघताना पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवायची. मुंबईच्या दमट हवेत संध्याकाळी परत येईपर्यंत मोड डोकावतात, रात्री झोपेपर्यंत चांगले लांब होतात. फडकं दिवसभर कोंडून राहिलं तर वास धरतं, म्हणून आल्या आल्या एकदा धुवायचं, हे मी दोनदा मटकी फुकट घालवून शिकले. पहाटे चमचाभर तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, हळद घालायची, कांदा परतायचा, मटकी आणि जेमतेम भिजेल इतकंच पाणी घालून झाकण ठेवायचं. दहा-बारा मिनिटांत उसळ होते. फार शिजवली तर दाणा फुटतो आणि गिचका होतो. मीठ शेवटी घालायचं, डब्यात लिंबाची फोड ठेवायची. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. रविवारी नाचणीचं पीठ ताकात कालवून आंबील करायला लागले. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधापेक्षा जवळपास तिप्पट. आमच्या रत्नागिरीकडची ही नाचणी मी मुंबईत आल्यावर पार विसरले होते.

तर एका संध्याकाळी फडकं सोडलं आणि मोड आलेली मटकी हातात घेऊन मी बराच वेळ बघत बसले. प्रत्येक दाण्याचं तपकिरी साल एका कडेला चिरलेलं आणि त्यातून आखडलेल्या बोटासारखा पांढरा मूलांकुर बाहेर आलेला. हे कधी घडलं? आदल्या रात्री दाणा कडक होता, आता हे. मधलं कोणी पाहिलंच नव्हतं. सहावीच्या मुलांनीही घरी मोड शंभरदा पाहिले असतील, पण मोड *येताना* कोणीच पाहिले नसतील. तंत्रज्ञानाचं काम इथे आहे, हे मला त्या क्षणी कळलं. पुस्तकातलं चित्र मोठं करून भिंतीवर लावायला प्रोजेक्टर कशाला हवा? डोळ्यांना जे दिसत नाही, ३५ मिनिटांत जे मावत नाही, ते दाखवायला तो हवा.

रूममेटचा जुना फोन मागून घेतला. फडक्यात काही दिसणार नाही, म्हणून काचेच्या ग्लासात ओला कापूस आणि काचेला टेकून भिजलेले आठ दाणे ठेवले. पुस्तकांच्या थप्पीवर फोन, त्याला चार्जर, वर टेबललॅम्प. पहिल्या रात्री मेमरी भरली आणि तीन तासांतच चित्रण थांबलं. दुसऱ्या रात्री कापूस वाळला. तिसऱ्या वेळी सगळं जमलं. दर ३० सेकंदांना एक फोटो, असे १४ तास, एकूण १,६८० फोटो. सेकंदाला ३० या वेगाने ते ५६ सेकंदांत पळतात. रात्रभर दिवा चालू म्हणून दोघी मैत्रिणी तोंडावर ओढण्या घेऊन झोपल्या आणि सकाळी माझ्याआधी त्यांनीच ते पाहिलं.

पाठ पुन्हा घेण्याची परवानगी मिळाली. या वेळी पीपीटी नाही. फळ्यावर खडूने पाठाचं नाव, टेबलावर वाटीत कोरडी मटकी, दुसऱ्या वाटीत भिजलेली, तिसरीत मोड आलेली. आधी वाट्या बाकांवरून फिरवल्या, मुलांनी दाबून पाहिलं, वास घेतला. मग दिवे बंद करून ती ५६ सेकंदं दाखवली. दाणे आधी नुसते फुगतात, मग एक थरथरतो, साल सरकतं आणि मूलांकुर खाली वळतो. "बाई, ते हलतंय!" पहिल्या बाकावरची एक मुलगी उभीच राहिली. चार वेळा दाखवावं लागलं. चौथ्यांदा मी मध्येच थांबवून विचारलं की हा खाली का वळला, वर का नाही? यावर जी चर्चा झाली ती माझ्या टाचणात कुठेच नव्हती. १,६८० ला ३० ने भागून बघायला मात्र मीच सांगितलं, गणिताच्या बाईंनाही ते आवडलं.

त्यानंतर फोन मी एवढ्याचसाठी वापरला. पिष्टमय पदार्थांच्या चाचणीला तो प्रोजेक्टरला जोडून थेंबावर धरला. एरवी आयोडीनचा थेंब पहिल्या दोन बाकांनाच दिसतो. आता साठही डोळ्यांना बटाट्याच्या फोडीवर तपकिरी थेंब निळा-काळा होताना दिसला. साखरेवर रंग बदलला नाही. पावाच्या तुकड्यावर बदलला. एका मुलाने खिशातला वेफर पुढे केला, तोही काळा झाला आणि वर्गाने आपणच ओळखलं की हा बटाटाच. आयोडीन लागलेलं काहीही तोंडात घालायचं नाही, हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं.

बालभारतीच्या पुस्तकांवरच्या क्यूआर कोडचाही मला उपयोग झाला. ते 'दीक्षा' अ‍ॅपमध्ये उघडतात, हे व्यासपीठ २०१७ पासून चालू आहे. पुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, ही गोष्ट मी मुलांना अभिमानाने सांगितली. पण वर्गात नेटवर्क नसतं. म्हणून जो भाग दाखवायचा तो आदल्या रात्रीच डाउनलोड करायचा, फोनमध्ये आणि पेनड्राइव्हमध्ये, दोन्हीकडे. फाइल यूनिकोडमध्ये, फॉन्ट मंगल. आणि या सगळ्याशिवाय पाठ होईल अशी खडू-फळ्याची तयारी वेगळी ठेवायची. नवीन छात्राध्यापिकांना मी हे आवर्जून सांगते.

डब्याचा विषय मात्र मला जपून हाताळावासा वाटला. काल डब्यात काय होतं ते नाव न घालता चिठ्ठीवर लिहायला सांगितलं. नूडल्स, बिस्किटं, वेफर, चपाती-साखर, आणि सहा चिठ्ठ्यांवर 'डबा नव्हता'. यातल्या बऱ्याच मुलांच्या आया सकाळी सातच्या आत कामाला बाहेर पडतात. त्यांच्या डब्याला मी कोणत्या तोंडाने वाईट म्हणू? माझाच डबा महिन्याभरापूर्वी काय होता? म्हणून 'जंक फूड' हा शब्द वर्गात वापरलाच नाही. शाळेतल्या खिचडीपासून सुरुवात केली. सहावी ते आठवीच्या मुलाला पोषण आहारातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण ठरलेलं आहे. तांदळात लायसिन हा प्रथिनांचा एक घटक कमी, डाळीत तो भरपूर. डाळीत मेथिओनिन हा दुसरा घटक कमी पडतो, तो तांदूळ पुरवतो. म्हणून खिचडी एकत्र शिजवलेली चांगली. हे कळल्यावर डाळ बाजूला काढणाऱ्या दोघांनी निदान त्या दिवशी तरी ती खाल्ली.

तीन महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन ११.३ आलं. गोळ्या चालू होत्या, सगळं श्रेय उसळीला देणार नाही. पण पुलाचा जिना आता न थांबता चढते.

शेवटच्या आठवड्यात एका मुलाने विचारलं, "बाई, शिजवलेल्या मटकीला मोड येतील का?" उत्तर मला माहीत होतं, पण सांगितलं नाही. वर्गातच तीन ग्लास मांडले. एकात भिजवलेली, एकात उकडलेली, तिसरा मुख्याध्यापकांच्या परवानगीने शिक्षक खोलीतल्या फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी पहिल्यातल्या दाण्यांना चांगले मोड होते. फ्रिजमधले दाणे फुगून तसेच बसले होते. उकडलेल्या ग्लासाचा वास दारापर्यंत आला. मुलांनी नाकं धरून निरीक्षण लिहिलं. तिन्ही ग्लासांचे फोटो आणि ती ५६ सेकंदं आता शाळेच्या संगणकावर आहेत, 'मटकी_सहावी' या नावाने.