हातावर नंबर लिहून जा

किनाऱ्यावरच्या आमच्या लाइफगार्ड टॉवरवर एक बोर्ड असतो, रोज सकाळी त्यावर भरती-सुकतीच्या वेळा आणि झेंडा कोणता ते लिहायचं. पावसात पुसून जाऊ नये म्हणून परमनंट मार्कर, आणि तो मार्कर कायम भाईच्या खिशात. गेल्या जूनमध्ये त्या मार्करचं जे झालं ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मी लाइफगार्ड, पेडणे तालुक्यातला, ड्युटी मोरजीला. भाई माझा सीनिअर. २००८ साली गोव्यात किनाऱ्यांचं हे काम खाजगी एजन्सीकडे गेलं तेव्हाच्या बॅचमधला माणूस, त्याने किती लोक बाहेर काढले ते तो सांगत नाही आणि किती नाही काढता आले ते तर अजिबातच नाही.

जूनचा दर्या ज्याने बघितला नाही त्याला कसं समजवायचं कळत नाही. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, शॅक म्हणजे किनाऱ्यावरची झापाची हॉटेलं मोडून नेलेली, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, ज्यांचं पोट दर्यावर ते सुद्धा घरी बसून जाळी विणतात. आणि त्याच वेळी वीकेंडला पाऊस बघायला आलेली पोरं थेट पाण्याकडे पळतात. दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही. शिट्टी मारतो, हात जोडतो, इथे मागच्या वर्षी कोण बुडालं ते सांगतो, पण "आम्ही विहिरीत पोहायला शिकलोय" हे उत्तर ठरलेलं. अरे, विहिरीतलं पाणी तुला ओढत नाही रे! इथे चापोरा नदीचं मुख जवळ, वाळूचे पट्टे रोज हलतात, आणि लाटा फुटून परत जाणारं पाणी जिथून वाट काढतं तिथे वरून लाट फुटताना दिसतच नाही. दोन्ही बाजूला पांढरा फेस आणि मधे शांत, काळपट पट्टा. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, इथे लाटा कमी आहेत म्हणून. ती ओढ इतकी जोरात असते की चांगल्या पोहणाऱ्यालाही तिच्याविरुद्ध किनारा गाठता येत नाही, हातपाय मारून दमतो आणि दमला की संपलं.

त्या रविवारी दुपारी पाच जण आले, घाटावरचे, मराठी बोलणारे, वीस-बावीसची वयं. दोघांनी थोडी घेतलेली. मी सांगून थकलो. भाई उतरला, खिशातून मार्कर काढला आणि एकदम शांतपणे म्हणाला, "जा रे बाबांनो, पण हातावर घरचा नंबर लिहून जा."

"कशाला?"

"मोबाईल तू इथे कपड्यात ठेवणार, तो लॉक. तू सापडणार आश्वेला नाहीतर मांद्र्याला, परवा दिवशी. कोणाला फोन लावायचा ते आम्हाला कळायला नको?"

सगळे हसले. एकाने विचारलं, "काका, बॉडी फुगल्यावर अक्षर वाचता येतं का?" भाई म्हणाला, "म्हणून मोठ्या अक्षरात लिही."

ही आयडिया भाईला मीच दिलेली. २०१७ साली अमेरिकेत टेक्सासला हार्वे वादळ आलं तेव्हा रॉकपोर्ट गावच्या नगर प्रशासनातल्या एकाने, जे घर सोडायला तयार नाहीत त्यांनी हातावर मार्करने आपलं नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथला सरकारी ओळख क्रमांक, लिहून ठेवावा असं जाहीर सांगितलं होतं. ती बातमी मी भाईला वाचून दाखवली, तो तेव्हा काहीच बोलला नाही. माझ्या मनात होतं की असं बोलणं बरं नाही, अभद्र वाटतं, आपल्याकडे मरणाचं नाव तोंडातून काढलं की घरातली म्हातारी माणसं लगेच गप्प करतात. नंतर मला कळलं की भाई गप्प का बसला होता.

मी नोकरीला लागायच्या आधीची गोष्ट. एक मुलगा संध्याकाळी बाहेर काढला, तेव्हाच गेलेला. सोबत कोणी नाही, मोबाईल नाही, पाकीट नाही, बर्म्युडाच्या खिशात फक्त स्कूटरची चावी. भाई ती चावी घेऊन पार्किंगमध्ये गेला आणि उभ्या असलेल्या प्रत्येक स्कूटरला लावून बघत गेला. काळ्या नंबर प्लेटच्या, भाड्याच्या, एकामागून एक. कुठली तरी फिरली. तिच्या मालकाकडून नाव मिळालं, तोवर रात्र झालेली. चावी फिरली तो टक् असा आवाज भाईला अजून झोपेत येतो, हे त्याने मला एकदाच सांगितलंय.

तर ती पोरं हसत हसत नंबर लिहायला लागली. पहिल्याने आईचा लिहायला घेतला आणि पाच आकड्यांवर थांबला. पाठच नव्हता! कोणालाच नव्हता. मोबाईल काढून बघायला लागला, स्क्रीनवर आईचे दोन मिस्ड कॉल. मी त्याचं तोंड बघत होतो, हसू हळूहळू उतरलं. मार्कर पुढच्याला दिला आणि वाळूत बसला तो उठलाच नाही. त्याच्यामुळे आणखी तिघे बसले. माझं तेव्हापासून ठाम मत आहे की त्या वयात स्वतःच्या मरणाची भीती कोणालाच नसते, ते मरण दुसऱ्याचं असतं. भीती असते ती घरी फोन वाजण्याची.

पाचव्याने पण लिहिला, मनगटापासून कोपरापर्यंत मोठा, फोटो काढला, आणि दहा मिनिटांनी आमची नजर दुसऱ्या ग्रुपकडे असताना लांब खालच्या बाजूला रील करायला उतरला. गुडघाभरच पाणी होतं. बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवत नाही, पिक्चरमध्ये दाखवतात तसं काही नसतं, फक्त डोकं मागे पडतं आणि तोंड पाण्याच्या रेषेवर वर-खाली होतं. भाईने ते टॉवरवरून बघितलं.

मी तरंगणारी रेस्क्यू ट्यूब आणि पायात घालायच्या फिन्स घेऊन धावलो. आडवं न जाता मुद्दाम त्याच ओढीत शिरलो, तिनेच मला त्याच्यापर्यंत नेलं. पोचलो तेव्हा तो माझ्या मानेला मिठी मारायला बघत होता, मी ट्यूब मधे घातली आणि त्याचं मनगट धरलं. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर ते दहा आकडे, काळे कुळकुळीत, जरासुद्धा पसरले नव्हते. पाण्यात माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, फक्त हा नंबर मला लावायला लागू नये. किनाऱ्याला समांतर ओढत नेलं, भाई शिट्टीने आणि हाताने वाट दाखवत होता, मग फुटणाऱ्या लाटांनीच आम्हाला बाहेर टाकलं.

तो श्वास घेत होता, खोकत होता, पाणी ओकत होता. कुशीवर वळवला, ऑक्सिजन लावला, १०८ ला फोन केला. "मी ठीक आहे, हॉस्पिटल नको" म्हणायला लागला, पण फुफ्फुसात पाणी गेलेल्याला असं सोडता येत नाही, काही तासांनी सुद्धा श्वास बिघडतो, म्हापशाला जिल्हा रुग्णालयात न्यायलाच लागतं. मित्र रडत होते. एक जण स्वतःच्या हातावरचा नंबर ओल्या वाळूने घासत होता, कातडी लाल झाली तरी निघत नव्हता.

भाई त्यानंतर एक शब्द गमतीचा बोलला नाही. फर्स्ट एडच्या पेटीतून स्पिरिट आणि कापूस काढला, त्या मुलाशेजारी गुडघ्यावर बसला आणि त्याचा हात मांडीवर घेऊन पुसायला लागला. मी म्हटलं, भाई राहू दे, गाडी येईल आता. तो मान खाली घालूनच म्हणाला, "घरची माणसं रात्री हॉस्पिटलात येतील रे. आईने हे बघायचं नाही."

काळं पाणी कोपरावरून वाळूत गळत होतं. अँब्युलन्सचा सायरन ऐकू आला तेव्हा शेवटचे दोन आकडे राहिले होते, भाईने नवीन बोळा घेतला.