थेंबाला सूर्य दिसत नाही म्हणून

"सावलीतला रुमाल वाळणारच नाही, कारण तिथून थेंबाला सूर्य दिसत नाही."

सावलीत टांगलेला ओला रुमाल वाळेल का, या प्रश्नाला दुसरीतल्या मुलीचं हे उत्तर. वर्गातल्या बहुतेक मुलांनी तिच्या बाजूने हात वर केले. उत्तर चूक होतं, पण ते माझ्याच गोष्टीतून निघालं होतं आणि तिचा तर्क पक्का होता.

आठवडाभर आधी बाष्पीभवनाची गोष्ट सांगितली होती. डबक्यातला एक थेंब, त्याची आई ढगात. सूर्य हाक मारतो, किरणांची शिडी सोडतो, थेंब चढून आईकडे जातो. सात मिनिटांची गोष्ट, त्यात मुलांना विचारायला तीन थांबे. नंतर पाच चित्रं उलटसुलट करून दिली, तर सगळ्या गटांनी ती क्रमाने लावली. तास पाहायला आलेल्या सहकाऱ्याने 'मुले रंगली, आशय पोहोचला' असं लिहिलं. निरीक्षणाच्या तक्त्यात लक्ष, सहभाग, तात्पर्य यांचे रकाने असतात. गोष्ट ऐकून मूल न सांगितलेल्या प्रसंगाबद्दल काय अंदाज बांधतं, याला रकाना नाही. मूल रंगलं म्हणजे शिकलं, ही आपल्या व्यवसायातली सर्वांत चिवट चुकीची समजूत आहे.

त्या दिवशी रुमालांचा प्रयोग होता. एकाच कापडाचे, एकाच मापाचे दोन रुमाल घ्यायचे आणि बिनसुईच्या सिरिंजने प्रत्येकावर २० मि.लि. पाणी सोडायचं. नळाखाली भिजवून पिळले तर एकात पाणी जास्त राहतं आणि सगळी तुलना फसते. रुमाल पूर्ण उलगडून, चिमट्याने वरच्या दोन टोकांना धरून, भिंतीला न टेकवता टांगायचे. घडी राहिली किंवा भिंत लागली की तेवढा भाग ओलाच राहतो. एक रुमाल उन्हात, दुसरा सावलीत पंख्यासमोर. शेजारी एकसारख्या दोन बशा, त्यांतही प्रत्येकी २० मि.लि. पाणी, एक उघडी, दुसरी पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाकलेली. पाण्याच्या कडेला पेनाने खूण. अंदाज मात्र पाणी ओतण्याआधी वहीत लिहून घ्यायचे, नाहीतर निकाल दिसल्यावर सगळ्यांना 'आधीच माहीत होतं'.

उन्हातला रुमाल मधल्या सुट्टीत वाळला. पंख्यासमोरचा त्यानंतरच्या तासिकेत. मला वाटलं होतं, आता मुलं आपलं म्हणणं बदलतील. तीच मुलगी रुमाल हातात घेऊन थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "वाऱ्याने त्याला सूर्याचा निरोप सांगितला असेल." झाकलेल्या बशीच्या प्लास्टिकला आतून बारीक थेंब लागले होते. ते पाहून शेजारचा मुलगा म्हणाला, "हे अडकलेत. घरी जायचंय त्यांना."

ही दोन्ही वाक्यं मी अजून घोळवतो आहे. पुरावा समोर असताना मुलांनी गोष्ट सोडली नाही, पुरावाच गोष्टीत बसवून घेतला. म्हणजे त्यांनी गोष्ट नुसती लक्षात ठेवली नव्हती, मुलं ती वापरत होती. पहिल्या सांगण्यात मला हेच तर हवं होतं.

चूक कुठे झाली ते कथन पुन्हा लिहून काढल्यावर दिसलं. गोष्टीत दोन प्रकारचे सांधे असतात, 'मग' आणि 'म्हणून'. 'मग' प्रसंग ओळीने लावतो, 'म्हणून' त्यांना कारण देतो. चित्रं क्रमाने लावायला 'मग' पुरतो, त्यामुळे त्या कसोटीत सगळे पास. माझ्या गोष्टीतले 'म्हणून' मात्र सगळेच्या सगळे इच्छेचे होते: आई आठवली म्हणून निघाला, हाक आली म्हणून चढला. उष्णता, वारा, उघडा पृष्ठभाग यांतलं एकही कारण कुठल्याच 'म्हणून'ला जोडलेलं नव्हतं.

मुलं निसर्गातल्या गोष्टींना हेतू चिकटवतात, यावर मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी बरंच काम केलं आहे. २०१४ साली त्यांच्या गटाने पाच ते आठ वर्षांच्या मुलांना नैसर्गिक निवड, म्हणजे टिकायला उपयोगी गुण पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाणं, एका चित्रगोष्टीतून समजावली. तिच्यात प्राण्यांना बदलावंसं वाटलं, अशी भाषा कटाक्षाने टाळली होती, आणि मुलांनी तो विचार दुसऱ्या, नव्या प्राण्याला लावून दाखवला. त्याच वर्षी संशोधक पॅट्रिशिया गानिया आणि सहकाऱ्यांना दिसलं की माणसासारखे बोलणारे प्राणी असलेल्या पुस्तकांतून मुलं त्या प्राण्यांविषयी कमी तथ्यं शिकतात आणि माणसाचे गुण मात्र त्यांना देऊन टाकतात. गोष्टीने विज्ञान शिकवता येत नाही, असं यांतून निघत नाही. कारण कुणाच्या इच्छेत ठेवलं आहे, ते तपासावं लागतं.

म्हणून नवी गोष्ट बांधली. इच्छा माणसाला दिली, पाण्याला नाही. एक मुलगी खिडकीत पाण्याची ताटली ठेवते आणि पाण्याच्या कडेने खूण करते. दुपारी पाणी खुणेच्या आत सरकलेलं. चोर कोण? मांजर प्यायली असेल, म्हणून ती ताटली जाळीखाली ठेवते. तरी पाणी कमी. ताटली गळत असेल, म्हणून खाली कोरडा कागद, कागद कोरडाच. मग ती एक ताटली झाकते आणि एक पसरट, एक अरुंद भांडं शेजारी ठेवते. एकेक संशयित गळत जातो आणि उरतं ते असं: पाण्याचे डोळ्यांना न दिसणारे कण सतत हलत असतात, वरच्या थरातले वेगवान कण सुटून हवेत मिसळतात, ऊन लागलं, वारा लागला किंवा पसरट भांडं असलं की जास्त सुटतात.

सांगताना सगळ्यात जपावी लागतात ती क्रियापदं. आपल्या भाषेने इथे मोठी सोय करून ठेवली आहे. आटणं, सुकणं, वाळणं यांत कुणाची मर्जी नाही. 'पाणी निघालं', 'पळालं', 'चढलं' म्हटलं की मर्जी आत शिरते, तीही अशी की सांगणाऱ्याला पत्ता लागत नाही. मी कथन ध्वनिमुद्रित करून ऐकलं, तर पहिल्या खेपेला 'उडून जायला बघतं' दोनदा सापडलं. थांबेही बदलले: 'आता काय होईल?' याऐवजी 'मांजर नसेल तर अजून कोण? कसं तपासशील?' प्रत्येक 'म्हणून'च्या आधी थांबायचं आणि तो शब्द मुलांकडून काढायचा. हे जमायला तीन मिनिटं जास्त लागतात. वेळापत्रक ती देत नाही, ती आपणच काढायची.

तीन आठवड्यांनी एकेकाला बाजूला बोलावून एक नवा प्रसंग विचारला: रात्री, बंद खोलीत, ओली फरशी सकाळी कोरडी कशी? बऱ्याच मुलांनी सूर्याचं नावच काढलं नाही. ती मुलगी म्हणाली, "फरशीवर पाणी पसरलेलं असतं ना, मग कण सगळीकडून सुटतात. ऊन असतं तर लवकर सुटले असते." मग तिने विचारलं, "ती थेंबाची गोष्ट परत कधी सांगणार? हिच्यात कुणी कुणाला भेटतच नाही."

वहीत मी तिची ती दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून ठेवली आहेत. नवी गोष्ट अजून एकाही मुलाने आपणहून मागितलेली नाही.