पंपाला भ्यायचं आणि गोळीला नाही, असं का?

कोल्हापुरात कुठल्याही मेडिकलवर संध्याकाळी थोडा वेळ उभं रहा, कोणतरी येऊन म्हणणारच, "दम्याची ती बारकी गोळी द्या की एक पाकीट." चिठ्ठी नाही, काही नाही, दुकानदार ओळखीचा, तो देतो. आणि ह्याच माणसाला डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा पंप (इन्हेलर) लिहून दिलेला असतो, तो घरी कपाटात पडून, कारण "पंपाची सवय लागती, लई स्ट्राँग असतोय त्यो, अगदीच नाइलाज झाला तर घ्यायचा." हे ऐकलं की माझा जीव खालीवर होतो, कारण आपल्याकडं भीती भलत्याच ठिकाणी बसलीय.

आधी एक साधा हिशोब बघा. निळ्या पंपात श्वासनळी तेवढ्यापुरती मोकळी करणारं साल्ब्युटामॉल असतं, एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम. तेच औषध गोळीत येतं तेव्हा २ किंवा ४ मिलिग्रॅम, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. म्हणजे ४ ची एक गोळी ही नुसत्या आकड्यानं पंपाचे ४० दाब झाली. पंपाचं औषध थेट छातीत उतरतं म्हणून इवलंसं पुरतं, गोळीचं मात्र पोटातनं रक्तात आणि मग अख्ख्या अंगात फिरतं, म्हणून हाताला कापरं, छातीत धडधड, झोप नाही हे सगळं गोळीनं जास्त होतं. आता सांगा स्ट्राँग कोण.

पण त्याहून सांभाळायची गोळी म्हणजे थिओफायलिन. आपल्याकडं बऱ्याचदा ती इटोफायलिनबरोबर एकत्र येते, पाकिटावर मागं दोन्ही नावं छापलेली असतात, आणि ज्येष्ठ मंडळी ती वर्षानुवर्षं घेत असतात. जुनं औषध आहे, १८८८ साली अल्ब्रेख्त कोसेल या जर्मन शास्त्रज्ञानं ते चहाच्या पानातनं वेगळं काढलं, कॅफिनचं सख्खं भावंड. स्वस्त आहे, काम करतं, मी त्याला वाईट म्हणत नाही. अडचण एकच, पण ती मोठी आहे. रक्तात हे औषध एका मिलिलिटरला साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम असलं की चांगलं काम करतं असं धरलं जायचं, आता तर डॉक्टर त्याच्याही खालीच ठेवायला बघतात, आणि २० च्या वर गेलं की विषबाधेची लक्षणं सुरू होऊ शकतात. उपयोग आणि अपाय यांच्यात अंतरच नाही फारसं. क्रोसिनची एक गोळी जास्त झाली तर निभावतं बहुतेकदा, इथं तसं नाही.

माझ्या मामांचं सांगतो. वडणग्याकडं गुऱ्हाळ, आयुष्य सगळं चुलवाणापाशी गेलं, चिपाडांचा धूर, काहिलीची वाफ, हंगामात रात्र रात्र जागरण आणि त्यावर चहावर चहा. दमा होताच. थिओफायलिनची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होती आणि सगळं ठीक होतं. मग थंडीत ताप-खोकला झाला, दुसऱ्याच एका डॉक्टरांकडं गेले, तिथं अँटिबायोटिक मिळालं, आणि तापात तोंडाला चव नाही म्हणून बिडीही सुटली. घरात सगळे खूश की चला बिडी तर सुटली. दोन-चार दिवसांनी मामांना मळमळायला लागलं, मग उलट्या, मामी म्हणाल्या पित्त झालंय, लिंबू-सरबत दिलं. रात्री पाणी प्यायला पेला उचलला तर पेला दातावर वाजत होता इतका हात थरथरत होता, नाडी धरवत नव्हती इतकी पळत होती. आणि त्यात मामा काय म्हणतात, "धाप लागल्यागत हुतंय, आणि एक गोळी दे." ती मामींनी दिली नाही, हे त्या माउलीचे उपकार.

दवाखान्यात जी डॉक्टर मुलगी ड्युटीवर होती तिनं पहिला प्रश्न विचारला, "काका कुठल्या कुठल्या गोळ्या घेतात? सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा, तापाची, बीपीची, सगळी." पाकिटं बघितली आणि लगेच ईसीजी, रक्त, पोटॅशियम. अँटिबायोटिक सिप्रोफ्लॉक्सासिन निघालं. ते लिव्हरला थिओफायलिन जाळू देत नाही, त्यामुळं गोळी तेवढीच घेतली तरी रक्तात औषध साचत जातं. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकांनीही तसं होतं. आणि बिडीचं उलटं, बिडी-सिगारेटच्या धुरानं लिव्हर हे औषध भराभर जाळतं, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो, आणि ओढणं थांबलं की काही दिवसांत तोच डोस जास्त व्हायला लागतो. (म्हणून बिडी सोडू नका असं नाही हं, सोडाच, फक्त डॉक्टरांना सांगा की डोस बघा.) त्यात वय साठीच्या पुढं, अंगात ताप, ह्यानंही औषध अंगातनं हळू निघतं. मामांच्या बाबतीत हे सगळं एकाच आठवड्यात जुळून आलं. गोळी त्यांनी एकही जास्त घेतली नव्हती, तरी ओव्हरडोस. हेच लोकांना पटत नाही.

मामा वाचले, वेळेत पोचले म्हणून. कारण ह्याच्या पुढं हृदयाचे ठोके बिघडतात आणि फिट येते, आणि काही जणांना उलटी-थरथर काहीच आधी न होता थेट फिट येऊ शकते. शिवाय गोळी हळूहळू विरघळणारी असेल तर जास्त घेतल्यावर लक्षणं कित्येक तास उशिरा दिसतात, माणूस आत्ता बरा वाटतोय म्हणून घरी बसवून ठेवायचं नाही. दवाखान्यात पोटातलं औषध शोषून घेणारा कोळसा देतात, अगदीच जास्त असेल तर डायलिसिस करतात. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, १०८ ला फोन करा आणि पाकीट बरोबर न्या.

हीच हळूहळू विरघळणारी गोळी काही घरात म्हाताऱ्यांना गिळवत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून गुळाच्या खड्याबरोबर देतात. ते अजिबात नको, दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. आणि सकाळची राहिली म्हणून रात्री दोन, हेही नको.

पंपाचं म्हणाल तर तोही कसाही मारायचा नाही. निळा पंप फार झाला तर हात थरथरतात, धडधडतं, पोटॅशियम उतरतं, शुगर चढते, आणि वर थिओफायलिन चालू असेल तर पोटॅशियम आणखी खाली. पण निळ्याचा खरा धोका म्हणजे तो तेवढ्यापुरतं मोकळं करतो आणि श्वासनळीतली सूज तशीच राहते. २०० दाबांचे तीन किंवा जास्त पंप वर्षात संपत असतील तर मोठा अटॅक यायची शक्यता वाढते, महिन्याला एक लागत असेल तर जिवाचा धोका वाढतो. २०१९ पासून जीना ही दम्यावरची जागतिक संस्था सांगतेय की नुसत्या निळ्यावर मोठ्या माणसांचा दमा सांभाळू नका, सुजेवरचं स्टिरॉइड पंपातनं पाहिजेच. त्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, घेतल्यावर खळखळून चूळ भरायची नाहीतर तोंडात पांढरं येतं, आवाज बसतो. स्टिरॉइड म्हटलं की आपल्याकडं लोक दचकतात, आणि तीच माणसं कुठल्यातरी वैदूची नाव नसलेली पुडी बिनधास्त खातात, त्यात काय घातलंय कुणालाच माहीत नसतं.

आता हंगाम सुरू झालाय, पाचट पेटायला लागलंय, धाप वाढणार. घरात कुणाची ही थिओफायलिनची गोळी चालू असेल तर पाकिटाच्या मागचं नाव वाचा, फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, आणि तापाला, जुलाबाला, कशालाही दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलात की तो फोटो आधी दाखवा. आणि हे वाचून उद्या सकाळी स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका, एकदम बंद केली तर दमा उसळू शकतो, जे काय बदलायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच बदला.