सगळी फिल्म जिन्यातच का?

आमची अकरा मिनिटांची शॉर्ट फिल्म पाहून झाली की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: ठाण्यासारख्या तळ्यांच्या शहरात राहून ही प्रेमकथा एका जुन्या इमारतीच्या जिन्यात का कोंडलीत? पैसे नव्हते, असे उत्तर मी बरेच दिवस देत असे. ते खोटे नाही. भाड्याचे माइक, खाणेपिणे आणि एक हार्डडिस्क मिळून आमचा खर्च अठरा हजारांत बसवायचा होता. पण तुम्ही विचारलेतच म्हणून उरलेले उत्तरही देतो.

पहिल्या संहितेत ही दोघे, एकोणीस-वीस वर्षांची कॉलेजातली मुले, संध्याकाळी तळ्याकाठच्या तलावपाळीवर भेटत. परवानगी आणि शुल्क यांच्या मागे लागण्याआधी अंदाज घ्यावा म्हणून आम्ही मोबाइल आणि कपड्याला अडकवायचे दोन लेपल माइक घेऊन गडकरी रंगायतनच्या बाजूला जाऊन आलो. घरी ऐकले तेव्हा मुलीच्या वाक्यापेक्षा रिक्षांचे हॉर्न अधिक स्पष्ट होते, आणि सूर्य मावळल्यावरचा जो उजेड हवा होता तो पाहता पाहता सरल्यामुळे दुसऱ्याच टेकला चेहरे काळे पडले होते. आवाज डबिंगने सुधारता येतो, मात्र अडखळत बोलणारी माणसे डब करताना नेमके ते अडखळणेच नाहीसे होते. त्याहून मनाला लागले ते निराळेच: मोबाइल उभा केलेला पाहताच शेजारची दोन जोडपी निमूटपणे उठून गेली. ज्यांच्यावर फिल्म करायची त्यांनाच आम्ही हुसकावले होते.

परतताना आमची नायिका म्हणाली, "दादा, पण इथे भेटतंच कोण? आमची अर्धी सोसायटी इथे चालायला येते." मग कुठे भेटतात, असे विचारल्यावर तिने सांगितले, क्लासच्या इमारतीच्या जिन्यात, दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर, कारण तिथे वरून आणि खालून येणारी पावले आधी ऐकू येतात. कथा तिथेच बदलली.

नौपाड्यात पुनर्विकासाला निघालेली, लिफ्ट नसलेली एक तीन मजली इमारत ओळखीतून मिळाली. जिन्याला सिमेंटची जाळी होती. तिच्यातून येणारे ऊन समोर थर्माकोल धरून चेहऱ्यावर घेतले की वेगळ्या दिव्याची गरज उरत नसे. संध्याकाळनंतर मात्र जिन्यातल्या जुन्या ट्यूबवर भिस्त होती. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, आणि मोबाइल स्वयंचलित ठेवला तर चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. म्हणून सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमने उजेड घेण्याचा वेळ, 1/50 सेकंद असे बांधून ठेवले; मग प्रत्येक फ्रेमला ट्यूबचे नेमके दोन लुकलुकाट मिळतात आणि पट्टे दिसत नाहीत. घुमणारा आवाज दाबायला चौकटीबाहेरच्या पायऱ्यांवर घरातल्या गोधड्या अंथरल्या. एक सुरेख टेक कुणाच्या तरी रेडिओवरच्या गाण्यामुळे बाद झाला. गाणे प्रसंगाला इतके शोभत होते की आजही हळहळ वाटते, पण हक्क न घेता ते ठेवणार कसे?

तिसऱ्या दिवशी टेक चालू असतानाच तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भाजीची पिशवी घेऊन वर आल्या. मी थांबा म्हणण्याआधीच दोघे आपोआप लांब झाले. त्याने फोन कानाला लावला आणि ती मीटरच्या पेट्यांवरची नावे वाचू लागली. आजींनी एका पायरीवर पिशवी टेकवली.

"कुणाकडे आलात?"

"दुसऱ्या मजल्यावर," तो म्हणाला.

"दुसऱ्यावर आता कुणी राहत नाही," असे म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि त्या वर गेल्या. नंतर आम्ही त्यांची परवानगी मागितली. त्यांनी ती दिली, वर सगळ्यांना चहाही दिला.

संहितेत यानंतर त्याने तिला मनातले सांगायचे होते. ते वाक्य आम्ही चित्रित केले, पण संकलनात काढून टाकले. आता फिल्ममध्ये आजींची पावले वर जातात, कुलूप उघडते, दार लागते, आतली कडी सरकते. आणि तोवर ती मीटरवरची नावे वाचतच राहते.