वारा होता, पाती बंद होती

2019 च्या ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर गेले होते. स्कारा ब्रे ही अश्मयुगीन वस्ती, उभ्या दगडांचं वर्तुळ, कर्कवॉल या मुख्य गावातलं कॅथीड्रल, सगळं सुंदर आहे आणि त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते एडे बेटावरच्या बंद पवनचक्कीबद्दल.

एडेवर वस्ती जेमतेम दीडशेची. बोटीतून उतरले तर वारा उभं राहू देईना. गाडीचं दार दोन्ही हातांनी ओढून लावावं लागलं. आणि पवनचक्की ढिम्म! चाळकेवाडीच्या पठारावर पाती थांबली की वारा पडला, असं आपण धरून चालतो. इथे तर वाऱ्याने कान बधिर झालेले. मुक्कामाच्या घरातल्या आजींना विचारलं. "केबल भरली की बंद करायला लावतात," त्या म्हणाल्या.

ऑर्कनी 2013 पासून आपल्या वर्षभराच्या गरजेहून जास्त वीज तयार करतं, बहुतेक वाऱ्यावर. पण मुख्य भूमीकडे जाणाऱ्या समुद्राखालच्या दोन केबल अपुऱ्या पडतात. मग गावकऱ्यांच्या मालकीची ही 900 किलोवॉटची पवनचक्की ऐन वाऱ्यात थांबते आणि गावाचं उत्पन्न बुडतं. दुसरीकडे, घर ऊबदार ठेवणं न परवडणारी कुटुंबं स्कॉटलंडमध्ये ज्या भागांत सर्वाधिक, त्यांत ऑर्कनी येतं. आजींनी हीटर अंधार पडल्यावरच लावला. मी जॅकेट न काढताच सूप प्यायले. मला फार संताप आला.

हायड्रोजनचा खटाटोप इथूनच सुरू झाला. वाया जाणाऱ्या आणि भरती-ओहोटीच्या विजेवर एडेच्या अर्ध्या मेगावॉटच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये पाण्यातून हायड्रोजन काढायचा, नळकांड्यांत दाबून भरायचा, ट्रेलर बोटीवर चढवून कर्कवॉलला न्यायचा. तिथल्या धक्क्यावर 75 किलोवॉटचा फ्युएल सेल त्याची पुन्हा वीज करायचा, ती बंदरात उभ्या बोटींना मिळायची, निघालेली उष्णता इमारतींना. कौन्सिलच्या काही व्हॅनही तेव्हा हायड्रोजनवर होत्या. शेजारच्या शापिन्से बेटासाठी एक मेगावॉटचा दुसरा इलेक्ट्रोलायझर.

यात तोटा मोठा आहे. किलोभर हायड्रोजनला पन्नासेक युनिट वीज लागते आणि फ्युएल सेलमधून त्यातली सोळा-सतराच परत मिळतात. जिथे वीज थेट वापरता येते तिथे हा उद्योग करूच नये, असं माझं ठाम मत आहे. पण एडेवर ती पन्नास युनिटं तयारच होऊ देत नव्हते. शून्यापेक्षा सोळा कितीतरी बरी.

2023 मध्ये 220 मेगावॉटच्या नव्या केबलला मंजुरी मिळाली. आनंद आहे, पण इतकी वर्षं का लागावीत? आणि एक गोष्ट अजून खुपते. हायड्रोजनचे ट्रेलर वाहणाऱ्या बोटी स्वतः डिझेलवर चालायच्या. कर्कवॉल-शापिन्से मार्गासाठी हायड्रोजनवरच्या फेरीबोटीचा आराखडाही झाला होता. ती बांधायला हवी होती.